लस निघाली

आमच्या लसीची बातमी आली तेव्हा माझ्या आत्याच्या छातीत, काखेच्या कडेला, गाठ होती. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण मी आजवर दुसऱ्यांनाच लावत आले.

मी मुंबईत कॅन्सरच्या लसीवर काम करणाऱ्या एका टीममध्ये आहे. तिथे डोकं चालवणारी मोठी माणसं वेगळी. मी उंदरांना टोचते आणि त्यांच्या गाठी वाढल्या की आक्रसल्या ते बघते. काही वर्षांपूर्वी त्या आक्रसल्या. मग यंदा पहिल्या काही रुग्णांना लस दिली, ती त्यांना सोसली, आणि काहींच्या रक्तातल्या पेशी गाठीला ओळखून तिच्यावर धावून जायलाही लागल्या. आमच्या कामात एवढं म्हणजे फार झालं. पण ही लस पोलिओच्या डोसासारखी नाही. आधी ऑपरेशन करून गाठ काढायची, मग रोग परत येऊ नये म्हणून ती द्यायची, आणि तीसुद्धा सगळ्यांना मिळायला अजून बरीच वर्षं लागतील. हे सगळं मला बातमी आली त्या संध्याकाळी, पावसाळ्याच्या तोंडावर, फोनवर सांगता आलं असतं. मी काकांना एवढंच म्हटलं, "काका, आमची लस निघाली."

म्हणताना फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काका भातसानगरला धरणावर नोकरीला. भेटेल त्याला ते सांगत सुटले. भात घरात आल्यावर धसईजवळच्या आमच्या गावातल्या विहारात माझा सत्कार ठरला. मी पोचले तर दारावर बॅनर: 'गावच्या लेकीने काढली कॅन्सरवर लस'. फोटो माझ्या लग्नातला. मी एकटीनं आजवर कुणाचा साधा पडसंखोकला बरा केलेला नाही.

वंदना झाली, शाल आणि गुलाबाचं फूल मिळालं. बोलायला उभी राहिले तेव्हा म्हटलं, की हे काम माझं एकटीचं नाही, टीमचं आहे. लोकांना तो माझा विनय वाटला आणि टाळ्या दुपटीनं वाढल्या. पुढचं, म्हणजे लस अजून कुठपर्यंत आलीय ते, सांगायचं होतं. टाळ्या ऐकून मी खाली बसले. आयत्या बिळावर नागोबा तरी लाजत असेल.

घरी आल्यावर आत्यानं मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं. पदर बाजूला केला. पोलक्याच्या आत धुतलेलं फडकं घडी करून लावलेलं होतं आणि ते ओलं झालं होतं. गाठ फुटून तिथे जखम झाली होती. आत्याचा चेहरा मात्र खुशीत होता. तो तसा नसता तर मला जरा सोपं गेलं असतं.

"माजी पन लस निगाली, बाय," ती म्हणाली. "चार दिस जालं. तू फोन केलास तवापासून वाट बगत व्हते मी. आता जिरल ना गाठ?"

आमच्याकडे लस म्हणजे जखमेतून येतं ते पिवळं पाणी. गळू पिकतं, फुटतं, लस निघून जाते आणि माणूस बरा होतो. माझी आईच म्हणायची, निघू दे सगळी, आत ठेवू नये. काकांकडून माझा निरोप ऐकून आत्याला वाटलं, की कॅन्सरचीही लस निघते, हे आता शिकलेल्या लोकांनी शोधून काढलं. मग ती निघेपर्यंत दम धरायचा, एवढंच आपल्या हातात. आरोग्य केंद्राची आशाताई पावसाळ्यात दोनदा दारात आली होती, मोठ्या दवाखान्यात चला म्हणून. "आमची पोर बोललीय, लस निगते," असं सांगून आत्यानं तिला चहा पाजून परत पाठवलं होतं.

"आत्या, ही ती लस नाही," मी म्हटलं.

"मंग तुजी कंची?"

मी सांगू लागले. उंदीर, टोचणं, ऑपरेशन, पुढची वर्षं. अंगावरची शाल मला नकोशी झाली होती, पण काढून ठेवायचं सुचत नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, फडकं पुन्हा नीट लावलं आणि पदर सारखा केला.

"म्हंजे तुजी अजून निगाली नाय," ती म्हणाली. "आसूंदे. निगल."

दुसऱ्या दिवशी तिला मुंबईला घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं. आता लगेच ऑपरेशन करता येणार नाही, आधी औषधं देऊ, गाठ आटोक्यात आली तर बघू, असं ते म्हणाले. पावसाळ्यात आला असतात तर गोष्ट वेगळी होती, हेही म्हणाले. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून त्यांनी मला विचारलं, "तुम्ही तर यातल्याच. एवढे दिवस थांबल्या कशा या?"

उत्तर आत्यानं दिलं.

"ती सांगत व्हती कवाची, सायेब. मीच आयकलं नाय. भात कापायचं व्हतं."

आत्याच्या मालकीचं एक खाचरही नाही आणि गुडघ्यांमुळे ती कित्येक वर्षांत कुणाच्या शेतावर गेलेली नाही. भातासाठी कुणी जीव घालवतं का, म्हणून डॉक्टर तिच्यावर चांगलेच रागावले. ती मान खाली घालून ऐकत राहिली, आणि मी तिला ऐकू दिलं.