स्टार उतरवायची वेळ

आमच्या गल्लीत डिसेंबर महिना कॅलेंडरचं पान उलटलं म्हणून येत नाही. गार्डअंकल येऊ देतील तेव्हा येतो. गोंदियाच्या बाजारात दुकानदारांनी नोव्हेंबरातच लाल टोप्या टांगल्या असतील, मोबाईलवर घंटा वाजायला लागल्या असतील, पण गार्डअंकलांच्या ओसरीवर स्टार चढत नाही तोवर आमच्याकडे ख्रिसमस जवळ आला असं कोणी म्हणत नाही. आणि सहा जानेवारीच्या संध्याकाळी तो स्टार उतरला, की नवीन वर्षाचा उत्साह संपून सगळे निमूटपणे आपापल्या कामाला लागतात. अख्ख्या जिल्ह्यात इतक्या वक्तशीर सणाची गल्ली दुसरी नसेल, हे मी पैज लावून सांगतो.

आमची गल्ली रेल्वे लाइनीला काटकोनात आहे. तिच्या रस्त्याकडच्या तोंडाला गार्डअंकलांचं कौलारू घर आणि दुसऱ्या टोकाला, रुळांच्या अगदी समोर, आमचं स्लॅबचं. अंकलांनी उभी हयात रेल्वेत गार्ड म्हणून काढली, आधी बालाघाटकडच्या छोट्या लाइनीवर आणि नंतर मोठ्या लाइनीवर. ते रिटायर झाल्यावर रेल्वेनं गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं. कोणीतरी कौतुकानं त्यांना मॅनेजरसाहेब म्हणालं, तर म्हणाले, "मॅनेजर बँकेत असतो. मी गार्ड आहे." गल्लीत ख्रिस्ती घर त्यांचं एकच. आम्ही बौद्ध, बाकी काही पवार समाजाचे, काही व्यापारी लोक. पण सणांच्या बाबतीत सगळ्यांचा कंट्रोल अंकलांकडे. समोरच्या सेठजींचा आकाशकंदील एकदा दिवाळी होऊन थंडी सरत आली तरी लटकलेला होता. अंकलांनी दारात उभं राहून अत्यंत अदबीनं विचारलं, "सेठ, आपकी दिवाली लेट चल रही है क्या?" कंदील त्याच दुपारी उतरला. चौदा एप्रिलला आमच्या घरावर लायटिंग होते, ती कधी काढायची याचाही त्यांनी छडा लावायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, "काढू सवडीनं." सवड हा शब्द त्यांना शिवीसारखा लागला. शेवटी माझ्या मायशी बसून, बुद्धपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी काढायची, असं त्यांनी ठरवून घेतलं. तेव्हापासून आमच्याकडेही ती प्रथा आहे आणि पाहुण्यांना आम्ही ती पूर्वापार असल्यासारखी सांगतो.

त्यांच्या घरचा नियम साधा होता. ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार तयारीचे. त्यातल्या पहिल्या रविवारी चर्चमधून आल्यावर स्टार चढायचा, त्याआधी नाही. एकदा अंकलांच्या बायकोची, म्हणजे आंटींची, बहीण नागपूरहून आली. अंकल भाजी आणायला गेले असताना तिनं हौसेनं बैठकीत ख्रिसमसचं झाड उभं केलं, चमकीबिमकी लावून. रविवारला अजून अवकाश होता. अंकल आले, त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि झाड उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. मेव्हणी रुसली. त्यांनी समजावलं, "लवकर येणं म्हणजे पण चूकच असते. टाइमच्या आधी आलेली गाडी स्टेशनाबाहेर, आउटर सिग्नललाच उभी राहते." झाड आठवडाभर तांदळाच्या कोठीशेजारी आउटरला उभं राहिलं.

स्टार विकतचा चालायचा नाही. बुरडाकडून बांबूच्या कामट्या आणायच्या, स्वतः तासायच्या, पांढरा कागद खळीनं चिकटवायचा. येशूच्या जन्माच्या गोठ्याच्या देखाव्याला तणस लागे, तीही नुकत्याच मळणी झालेल्या धानाची. मी खेड्यावरच्या शाळेत मास्तर असल्यानं ती आणायचं काम माझ्याकडे असे, आणि गेल्या वर्षीची तणस ते वासावरून ओळखत. पण सगळ्यात बघण्यासारखा असायचा तो तीन राजांचा प्रवास. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून तीन राजे आले अशी कथा आहे. इतर घरांत ते राजे पहिल्या दिवसापासून गोठ्यासमोर उभे असतात. अंकलांना हे पटत नसे. पूर्वेकडून यायचं म्हणजे डोंगरगडच्या बाजूनं. मग ते गोंदियात एकदम कसे पोचतील? म्हणून मातीचे ते तीन राजे मागच्या दारापासून निघत. वाटेवरची स्टेशनं घरातच होती. मागचं दार म्हणजे दरेकसा, फ्रिजचं डोकं म्हणजे सालेकसा, शिलाई मशीन म्हणजे आमगाव. रोज थोडे थोडे पुढे सरकत ते सहा जानेवारीला गोठ्यापाशी, म्हणजे गोंदियाला, दाखल होत. आंटींना त्या दिवसांत ब्लाउज शिवायचा झाला तर आधी विचारावं लागे, "राजे आमगावहून निघाले काय जी?" राजे पोचले, संध्याकाळची प्रार्थना झाली, की स्टार उतरवायचा. कोणी म्हटलं राहू द्या ना अजून, छान दिसतो, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "सण वेळेवर आला पाहिजे आणि वेळेवर गेला पाहिजे. प्लॅटफॉर्म अडवून बसलेल्या गाडीला कोणी हार घालत नाही."

अशा माणसाच्या घरी बेबी वाढली. बेबी म्हणजे त्यांची एकुलती लेक. तिनं पॉलिटेक्निक केलं, रेल्वेची परीक्षा दिली आणि ती असिस्टंट लोको पायलट झाली, म्हणजे इंजिनात ड्रायव्हरच्या शेजारी बसणारी. आमच्या गल्लीनं त्या दिवशी फटाके वाजवले. हे वेळापत्रकाबाहेरचे फटाके अंकलांनी चक्क चालू दिले. बाप आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात उभा राहिला आणि लेक सगळ्यात पुढे जाऊन बसली, ही गोष्ट मी शाळेत पोरींना किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. स्वतः अंकल मात्र एवढंच म्हणाले, "आमच्या घराण्याला इंजिन लागलं."

नोकरीचा तिचा पहिलाच ख्रिसमस. छत्तीसगडात एका डेपोत होती. ख्रिसमसला येते म्हणाली, सुट्टी मिळाली नाही. नवीन वर्षाला येते म्हणाली, धुक्यानं गाड्यांचा खोळंबा झाला आणि ड्युटीवर ड्युटी लागली. आंटींनी तिच्या वाटणीच्या गुजिया, म्हणजे करंज्या, डब्यात घालून डबा देवघरातल्या देवासारखा उंच ठेवला होता. शेवटी बेबीनं कळवलं की दहा-बारा तारखेपर्यंत नक्की जमवते. आंटी अंकलांना म्हणाल्या, "स्टार तेवढा राहू द्या. पोरगी बघेल, मग काढा."

"सहा तारखेला काढायचा असतो," अंकल म्हणाले.

"चार दिवसांनी काय बिघडते?"

"ड्युटी तिची आहे, सण प्रभूचा आहे."

दुसऱ्या दिवसापासून अंकलांच्या चहातलं आलं बंद झालं. अंकलांनी बिनआल्याचा चहा मुकाट्यानं घेतला, यावरून त्यांनाही आतून किती लागलं होतं ते मला कळलं. माझ्या मायला मात्र राहवलं नाही. ती मूळची अर्जुनीकडची, तोंडाला कधी लगाम नाही. भर गल्लीत तिनं त्यांना गाठलं. "काऊन जी गारड, पोरगी येऊन राह्यली ना घरी? मंग स्टार कायले काढता?"

"नियम आहे, बाई."

"तुमच्या नियमाले पोरगी नाही का?"

अंकल "बघू" म्हणाले. त्यांच्या तोंडून मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

सहा जानेवारीला दुपारी ते आमच्या दारात आले ते जवळजवळ धावतच. अंगातला स्वेटर उलटा होता. "मास्तर, तुमची स्लॅब पाहिजे," म्हणाले. बेबीचा फोन आला होता, नागपूरच्या रनिंग रूममधून, म्हणजे गाडीवरच्या स्टाफच्या विश्रांतीच्या खोलीतून, ड्युटीवर चढायच्या आधी. मालगाडी घेऊन ती छत्तीसगडकडे परत निघाली होती. गाडी गोंदियात थांबणार नव्हती, पण आमच्या गल्लीच्या टोकावरून, आमच्या घरासमोरून, जाणार होती. असिस्टंट उजव्या हाताला बसतो आणि नागपूरकडून येताना आमचं घर उजव्या हातालाच पडतं, हा हिशेब त्यांनी येता येताच केला होता.

"म्हणजे स्टार आज काढणार नाही ना?" मी विचारलं.

"काढणार. वेळेवर काढणार," ते म्हणाले आणि निघून गेले.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर राजे गोंदियात पोचले होते. प्रार्थना झाली. अंकल स्टुलावर चढले, स्टार उतरवला, खिळ्यावरची दोरी गुंडाळून खिशात घातली. आंटी तोंड फिरवून उभ्या होत्या. मग अंकल खाली उतरले आणि तो स्टार दोन्ही हातांनी छातीशी धरून सरळ गल्लीत चालू लागले. सेठजी दुकानातून उठून आले, बायका ओट्यांवर आल्या. आंटींनी आधी बघितलं, मग डोक्यावरून पदर घेतला आणि गुजियांचा डबा काढून त्यांच्या मागे निघाल्या. आमच्या घरापर्यंत येता येता अर्धी गल्ली मागे होती.

स्लॅबवर मी खालून वायर ओढून ठेवली होती. अंकलांनी आमच्या पाण्याच्या टाकीच्या पाइपाला स्टार बांधला, बटन दाबलं, आणि तो पांढरा स्टार रुळांच्या दिशेनं लख्ख उजळला. माय कमरेवर हात ठेवून बघत होती. "हे काय जी? काढला म्हने ना?"

"घरावरून काढला, बाई. नियम घराचा आहे."

"मंग हे घर नोहे का?"

अंकलांनी आमच्या घराकडे नीट पाहून घेतलं. मग म्हणाले, "ही लूप लाइन आहे. गाडी घटकाभर बाजूला घेतात ना, ती."

आता फक्त वाट बघायची होती, आणि तिथंच खरी पंचाईत होती. मालगाडीला टाइमटेबल नसतं. वेळेशिवाय कशाची वाट बघायची अंकलांना सवय नव्हती. ते घड्याळ बघत, मग त्याचा उपयोग नाही हे आठवून हात खाली करत. एक कोळशाची गाडी गेली, ती दुसरीच. मग एक रिकामी गेली. आंटी प्रत्येक इंजिनाला हात करत होत्या आणि प्रत्येक इंजिनातून कोणी अनोळखी माणूस चकित होऊन आमच्याकडे बघत होता. मग एक एक्स्प्रेस धाडधाड निघून गेली आणि अंकल ताठ झाले. "हिच्या मागेच बेबीची सोडतील."

लांबवर दिवा दिसला. माय म्हणाली, "झेंडी दाखवा ना जी, हिरवी. असन ना घरी?"

"आहे. पण ड्युटीवर नाही मी. झेंडी दाखवायचा अधिकार नाही मला."

इंजिन जवळ आलं. उजव्या खिडकीतून निळ्या बाहीचा एक हात बाहेर आला आणि जोरानं हलू लागला. बेबीचा चेहरा आम्हाला पुरता दिसलाही नाही, तोवर हॉर्न वाजला, चांगला लांबलचक, पार गावापलीकडे ऐकू जाईल असा. गल्ली नुसती ओरडत होती. सेठजी तर टोपी काढून हलवत होते. आंटींनी गुजियांचा डबाच उंच धरला होता. अंकल तेवढे हलले नाहीत. गाडी ठीक आहे हे सांगायला गार्ड झेंडी धरतो तसा रिकामा उजवा हात डोक्याच्या वर सरळ धरून ते उभे होते, डबे मागून डबे जात होते, तरी हात खाली येईना. अगदी शेवटी गार्डाचा डबा आला. त्यातल्या तरुण गार्डानं ही स्लॅबवरची जत्रा आणि मध्ये उभा हा ताठ म्हातारा पाहिला, काय समजायचं ते समजला आणि त्यानंही तसाच हात वर केला. शेवटचा लाल दिवा दिसेनासा झाल्यावर अंकलांचा हात खाली आला.

"हॉर्न गरजेपेक्षा जास्त वाजवला," ते म्हणाले. "फोन आला की सांगावं लागेल." त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला, परत घातला, परत काढून पुसला. मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मास्तर, इंजिनात कोण होतं ते बघितलं ना सगळ्यांनी?"

"बघितलं अंकल," मी म्हटलं. आंटींनी डबा उघडला आणि बेबीच्या वाटणीच्या गुजिया आमच्या स्लॅबवर, सगळ्या गल्लीत वाटल्या. अंकलांनी आपली गुजिया संपवली, हात झटकले आणि स्टारचं बटन बंद केलं.

बेबी आता स्वतः गाडी चालवते. तिची बदली लांब झाली आहे. आमच्या गल्लीवरून तिची गाडी जात नाही. वर्षातून एकदा येते, कधी पावसाळ्यात, कधी उन्हाळ्यात, सुट्टी मिळेल तशी. अंकलांची दृष्टी मधल्या काळात बरीच अधू झाली. गुडघेही साथ देत नाहीत. यंदाच्या त्या पहिल्या रविवारी चर्चमधून आल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. स्टुलावर मी चढलो आणि ते खाली खुर्चीत बसले. इतकी वर्षं त्यांचा हात जिथे आपसूक पोचायचा तो खिळा मला चाचपून शोधावा लागला. मी दोरी बांधली, दिवा लावला. एरवी त्यांनी दहा सूचना केल्या असत्या. यंदा एकही नाही. त्या उजेडाकडे मान वर करून ते हळूच म्हणाले, "मास्तर, सरळ आहे ना?"

"आहे अंकल, एकदम सरळ," म्हणून मी खाली उतरलो. चार पावलं मागे येऊन वर पाहिलं. स्टार डाव्या अंगाला जरासा कलला होता. अंकलांना ते दिसत नव्हतं, आणि आंटी आत गेल्या होत्या. मी परत स्टुलावर चढलो.