गळालेलं ‘म्हणे’

मला बोलायला आत्यानं शिकवलं असं लिहिलं तर आई रागवेल. पण कसं बोलायचं, हे मात्र आत्यानंच शिकवलं. लहानपणी सुट्टीत आम्ही इगतपुरीला तिच्याकडे जायचो. शेतातून आली की ती ओट्यावर पाय पसरून बसायची आणि गोष्टी सांगायची. तिच्या गोष्टींना एक कायदा होता. घाटात एक वाघ होता म्हणे. त्याला इंजिनाच्या शिट्टीची भीती वाटायची म्हणे. हे ‘म्हणे’ कानावर पडलं की आम्ही पोरं निवांत, कारण वाघ गोष्टीतला असायचा. पण एखाद्या दिवशी ती नुसतं म्हणाली, "ओढ्याकडं जाऊ नका, साप निघालाय," की कोणी जागचं हलायचं नाही. त्यात ‘म्हणे’ नव्हतं ना. शंका आलीच तर विचारायची सोय होती, "आत्या, म्हणे का खरं?" आणि या प्रश्नाला तिनं कधी खोटं उत्तर दिलं नाही. वाघ कितीही रंगात आलेला असो, विचारलं की ती तिथल्या तिथे त्याला गोष्टीत परत पाठवायची.

पुढे घरात गोष्टी सांगणारा माणूस मी झालो. साखरपुडा असो, बारसं असो, जेवणं उरकली की कोणीतरी म्हणणारच, "चला, आता ह्याला चालू करा." जणू मी पाण्याची मोटार आहे. आणि लाज सोडून सांगतो, कोणी तसं म्हणालं नाही तर मला घरी आल्यावर करमायचं नाही.

नोकरी म्हणाल तर नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात तयार माल तपासण्याची. हातात मायक्रोमीटर घेऊन मी इतकी वर्षं केसाच्या जाडीएवढ्या फरकासाठी माल परत पाठवतो आहे. बायको म्हणते, "तुम्ही तुमचा सगळा खरेपणा कंपनीच्या गेटवर जमा करून येता. घरी आणायला उरतच नाही."

तिचा रोख आमच्या फोरमनच्या गोष्टीवर असतो. गोष्ट अशी. आमच्या कारखान्यात एक फोरमन होते. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आठवड्याभरात ते कामावर आले. संपलं. एवढंच घडलं होतं. पण एका हळदीच्या कार्यक्रमात मी ते सांगायला घेतलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं की, ऑपरेशनमध्ये त्यांचा डोळा बदलला गेला म्हणे, आणि नवा डोळा कोकणातल्या एका कोळ्याचा निघाला म्हणे. लोक हसले. पुढच्या बारशाला कोळ्याला होडी मिळाली. त्याच्या पुढच्या लग्नात, जन्मात समुद्र न पाहिलेले आमचे फोरमन मशीनखालच्या तेलपाण्याकडे बघून "भरती आली, भरती" असं ओरडायला लागले, आणि तेव्हा मी कॅन्टीनमध्ये त्यांच्या शेजारी भजी खात बसलेलो होतो. या वेळेपर्यंत ‘म्हणे’ कुठेतरी गळून गेलं होतं. ते मुद्दाम काढलं असं नाही. पण ‘म्हणे’ म्हटलं की लोक हसायचे, आणि "मी स्वतः पाहिलं" म्हटलं की हसून पडायचे. माणूस किती मोह आवरणार? मग कोणीतरी विचारलं, "अन् त्यांचा स्वतःचा डोळा कुठं गेला?" मी म्हणालो, "परदेशात." त्या दिवशी तर मला दोनदा चहा मिळाला.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात आतेभावाचा फोन आला. तो रेल्वेत आहे, मोजकंच बोलतो.

"दादा, आईचा मोतीबिंदू लय पिकलाय. डॉक्टर म्हणतात आता थांबू नका. फुगला तर डोळ्यातला दाब वाढेल, मग ऑपरेशन करूनही नजर येईलच असं नाय. अन् आई ऑपरेशनला तयारच नाय."

"का?"

"कुठला तरी व्हिडिओ आलाय तिच्या मोबाईलवर. डॉक्टर चांगला डोळा काढून घेतात, परदेशात विकतात, असलं काहीतरी. मी डोकं फोडून घेतलं. तू ये. तुझं ऐकते ती."

‘परदेशात’ हा शब्द मला कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. पण कुठे, ते मी आठवत बसलो नाही.

रविवारी मी गेलो. आत्या ओट्यावर सूप घेऊन बसली होती. तिच्या शेतातला नवा तांदूळ होता. आत्यानं निवडलेल्या तांदळात खडा सापडणार नाही, अशी तिची सगळ्या नातेवाइकांत ख्याती. आता ती मान वाकडी करून, नाक सुपाला लागेल इतकी खाली वाकून, डोळ्यांपेक्षा बोटांनीच निवडत होती. मी समोर उभा राहिलो तरी तिनं वर पाहिलं नाही. खोकलो तेव्हा म्हणाली, "आला का भाच्या! मला वाटलं पोस्टमन."

मी जवळ बसलो. तिनं माझ्या डोक्याकडे हात नेला आणि माझी लोकरीची टोपी चाचपली. "केस हायेत ना रे? तुझ्या बापाचे लवकर गेले."

"आहेत की. भरपूर," मी म्हणालो आणि टोपी आणखी खाली ओढली.

जेवायला पिठलं आणि नवा भात होता. दुसऱ्याच घासाला दाताखाली कडकन खडा आला. आत्याचा हात थांबला. "खडा लागला का?"

"छे," मी म्हणालो आणि तो गिळला.

जेवणं झाल्यावर मी विषय काढला. मी तयारीनं गेलो होतो. हातातलं घड्याळ काढलं, काचेवर तोंडानं वाफ सोडली आणि तिच्या हातात दिलं. सांगितलं की, डोळ्यात असंच एक भिंग असतं, ते असं गढूळ झालंय, डॉक्टर ते काढतात आणि स्वच्छ नवं बसवतात.

"म्हंजे काढतातच!" आत्या म्हणाली.

"काढतात, पण डोळा नाही, भिंग."

"अन् आपलं काढून घेऊन दुसरंच बसवतात."

"हो, पण..."

"मग व्हिडिओत काय वेगळं सांगतोय तो माणूस?"

एवढ्या वर्षांच्या माल तपासणीत अशा सुबक कोंडीत मी कधी सापडलो नव्हतो. मी जरा चिडलोच. म्हणालो, "आत्या, तो माणूस कोण, कुठला, आपल्याला माहीत तरी आहे का? त्याच्यावर कसला विश्वास ठेवतेस?"

"त्याच्यावर कोण ठेवतंय?" ती म्हणाली. "तो व्हिडिओ आला तेव्हा मी ह्याला म्हटलं, यात नवं काय हाय? आपल्या भाच्यानं तर हे कवाच सांगितलंय. त्याच्या फोरमनचा डोळा असाच गेला परदेशात. त्यानं सोताच्या डोळ्यांनी पाहिलंय, शेजारी बसून."

आतेभाऊ दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग फार कामाचं काहीतरी आठवल्यासारखा तो मागच्या दारानं निघून गेला.

मी कबूल केलं. दुसरा इलाज नव्हता. म्हणालो, "आत्या, फोरमन खरे. ऑपरेशन खरं. बाकीचं मी रचलं."

"कोळी?"

"मीच."

"अन् भरती?"

"तीही मीच. तेव्हा मी भजीसुद्धा खात नव्हतो."

आत्यानं मान हलवली. मला वाटलं, जिंकलो. मग ती म्हणाली, "आता तू असंच म्हणणार. ह्यानं फोन करून बोलावलंय तुला. खरं असतं तरी तू आज खोटंच म्हणाला असतास."

घ्या! त्या लग्नात खोटं बोललो तेव्हा तिनं मला डोक्यावर घेतलं होतं, आणि खरं बोललो तर संशय. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. मी म्हणालो, "मी तुझ्याशी खोटं कशाला बोलेन?"

"मगाशी खडा लागला तुला," आत्या म्हणाली. "मला दिसत नाय रे. ऐकू येतं."

मी जिभेनं दात चाचपला.

तिनं सूप मांडीवर ओढलं आणि परत निवडायला लागली. खाली बघतच म्हणाली, "तुझ्या आतोबांना नाशिकला नेलं होतं तवा मी तुला फोन केला. काय म्हणालास, आठवतंय?"

मला आठवत होतं. आतोबा पहाटेच गेले होते. आत्या घरी एकटी, आतेभाऊ ड्युटीवरून यायचा होता. ती दवाखान्यात पोचेपर्यंत काही सांगायचं नाही, वाटेत तिला काही झालं तर, असं आम्ही थोरामोठ्यांनी मिळून ठरवलं होतं. फोन मी घेतला, कारण बोलण्यात मी हुशार.

"म्हणालास, बरे हायेत. आताच दोन घोट चहा घेतला." तिची बोटं तांदळातून फिरत होती. "नुसतं बरे हायेत म्हणाला असतास तर कदाचित मला शंका आली असती. पण चहा घेतला म्हणालास. मग मी मऊ भात केला. डब्यात तूप घालून घेतलं. एसटीत डबा मांडीवर धरून बसले, गरम राहावा म्हणून."

तो डबा मला दिसत होता. पितळी कडीचा. दवाखान्याच्या बाकावर कितीतरी वेळ तसाच होता. कोणी उघडला नाही, आणि उचलायचं धाडसही कोणाला झालं नाही.

"तवा तू ‘म्हणे’ लावलं असतंस ना," ती म्हणाली, "बरे हायेत म्हणे, एवढंच बोलला असतास, तरी मला उमजलं असतं. वाटेत रडून घेतलं असतं."

मला वाटायचं की लोकांचा असल्या व्हिडिओंवर विश्वास बसतो तो त्यांना कळत नाही म्हणून. शिक्षण कमी, मोबाईल नवा, वगैरे वगैरे. मी तसं जेवणाच्या सुट्टीत मित्रांना समजावूनही सांगायचो, फार शहाण्यासारखं. आणि इथे माझ्या आत्याला सगळं कळत होतं. तिला आम्ही पक्के माहीत होतो. डोळ्यावर पट्टी बांधून तिला आत झोपवणार, आणि बाहेर आम्ही सगळी मायेची माणसं "छान झालं, छान झालं" म्हणत उभी राहणार, हे तिला आधीच दिसत होतं. व्हिडिओतला माणूस परका होता. पण तो तिच्याशी चहाबद्दल खोटं बोललेला नव्हता.

मी म्हणालो, "आत्या, चुकलो."

"म्हणे का खरं?"

"खरं."

तिनं हात पुसले. "मग आता मला सांग. दुखतं का?"

तोंडात "अजिबात नाही" येऊन बसलं होतं. ते मी मोठ्या कष्टानं मागे घेतलं. "माहीत नाही. विचारून सांगतो."

"माझी नजर येईल का परत?"

"बहुतेक येईल. नक्की किती, ते माहीत नाही. उशीर केला तर कमी येईल, हे डॉक्टर म्हणालेत."

"अन् ते काढलेलं भिंग कुठं टाकतात?"

"तेही माहीत नाही, आत्या."

इतक्या वेळा ‘माहीत नाही’ मी आयुष्यात म्हटलं नसेल. पण आत्याचा चेहरा दर वेळी थोडा सैल होत होता. शेवटी म्हणाली, "ते भिंगाचं नीट विचार. मग बघू."

सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकून डॉक्टरांकडे गेलो आणि चांगल्या नोकरीतल्या, पोक्त वयाच्या माणसाला विचारायला लाज वाटेल तो प्रश्न विचारला. डॉक्टर हसले नाहीत. हा प्रश्न त्यांना नवा नसावा. तिथूनच आत्याला फोन लावला. "आतल्या आत त्याचा भुगा करून मशीननं ओढून घेतात, त्यामुळे विकण्यासारखं काही उरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी पाहिलेलं नाही. आणि थोडं टोचल्यासारखं, दाबल्यासारखं होतं. तेही त्यांनीच सांगितलं."

मग ती म्हणाली, "कधी करणार, तेही विचारून घे. अन् तू घाबरू नको. मी येते."

कोणी कोणाला घाबरू नको म्हणायचं, हे मला अजून समजलेलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी आतेभाऊ आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. तिला बाहेर आणलं तेव्हा एका डोळ्यावर पट्टी आणि ओठ घट्ट मिटलेले. मी वाकून म्हणालो, "झालं. नीट झालं असं डॉक्टर म्हणाले. मी आत नव्हतो. उद्या पट्टी काढली की तुलाच कळेल." तिनं माझा हात दाबला. दुखतंय का विचारलं तर म्हणाली, "दुखतंय." तिनंही कायदा पाळला.

रात्री ती आमच्याकडे राहिली. सकाळी दवाखान्यात पट्टी काढली, थेंब टाकले. आत्या डोळा मिचकावत बसली होती. आधी तिनं समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले, बराच वेळ. नंतर आतेभावाकडे. तो खाली बघत रुमाल शोधत होता.

मग माझ्याकडे. मी जरा मागेच उभा होतो, कारण सगळं खरंखोटं करून झालं तरी एक गोष्ट राहून गेली होती, आणि दवाखान्यात उकडत असूनही टोपी डोक्यावरच होती.

"इकडं ये," आत्या म्हणाली. "टोपी काढ."

मी काढली. तिनं मला खाली वाकायला लावलं आणि डोक्यावरून हात फिरवला, कपाळापासून मागे मानेपर्यंत, सलग. हाताला अडवायला काही नव्हतंच.

"भरपूर म्हणे!" आत्या म्हणाली.