रझाकाराची चिठ्ठी कुणाला?

"सर, हा रोल मी करणार न्हाय," असं म्हणून सलीमनं चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि वह्या गोळा करायला लागला.

उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या कॉलेजात एम.ए. इतिहासाचा वर्ग. मी नवा, नोकरी अजून कच्ची. निजामाच्या राजवटीचं शेवटचं वर्ष पोरं पाठ करायची आणि पेपर झाला की विसरायची. म्हणून मी वर्गाचंच गाव केलं. प्रत्येकाला चिठ्ठीवर एक माणूस: पाटील, विणकर, सत्याग्रही, रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचा हत्यारबंद स्वयंसेवक. नियम एकच. त्या माणसाला त्या दिवशी जेवढं ठाऊक होतं तेवढंच बोलायचं. याला ऐतिहासिक कल्पनाशक्ती म्हणतात. कल्पना आपली, पण आधार कागदपत्रांचा. प्रिन्सिपल म्हणाले होते, नाटकं गॅदरिंगला करा. त्या दिवशी ते मागच्या बाकावर येऊन बसले होते.

बाकीच्या चिठ्ठ्या पोरांनी ओढल्या. रझाकाराची मात्र मी सलीमच्या हातात दिली. त्याला तहसीलचा उर्दू हुकूम वाचून दाखवायचा होता, आणि वर्गात उर्दू येणारा तो एकटा. मी त्याला तसं समजावलं.

"माझे आजोबा सास्तूरला दुसऱ्याचं औत हाकायचे, सर. अंगठा लावायचे. हुकूम आला की त्यांनाबी कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागायचा. उर्दू यायची ती मल्लिनाथच्या आजोबांना."

मल्लिनाथ मुरूमच्या लिंगायत व्यापाऱ्याचा मुलगा. त्याच्या चिठ्ठीत सत्याग्रही निघाला होता. तो खाली बघत म्हणाला, "व्हय सर. आजोबांची शाळाच उर्दू होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या राज्यात कोर्ट, कचेरी, शाळा सगळं उर्दूत चालायचं, हे मीच आठवड्यापूर्वी फळ्यावर लिहिलं होतं. आणि चिठ्ठी देताना पोराचं नाव बघितलं. दोन वर्षं ज्यांच्यासोबत शिकायचं त्यांच्यासमोर मी त्याला रझाकार करून उभा करत होतो. प्रिन्सिपल ऐकत असताना मी त्याची माफी मागितली. सलीम वह्या परत बाकावर ठेवून बसला.

पुढच्या आठवड्यात माझ्या बोलावण्यावरून मल्लिनाथचे आजोबा मुरूमहून एसटीनं वर्गात आले. चष्मा पुसून त्यांनी तोच हुकूम घडाघडा वाचला, मग मराठीत सांगितला.

"गावाला मीच वाचून दाखवायचो," ते म्हणाले. "माणसं हुकूम ऐकायची, आन् मला निजामाचाच माणूस समजायची. माझ्याकडं पाणीबी कुणी पीत नव्हतं."

"मग तुम्ही वाचायचं सोडून का दिलं न्हाय?" सलीमनं विचारलं.

"दुसऱ्यानं अर्धंच सांगितलं असतं."

सलीम उठला आणि माठातलं पाणी त्यांना आणून दिलं. ते प्याले, मग पोरांनी तासभर त्यांना सोडलं नाही.

त्यानंतर तीस वर्षं शिकवलं. कुणाला कुठली भूमिका द्यायची हे ठरवताना मी स्वतःला आधी विचारायचो: हा माणूस मला कागदात सापडला, की माझ्याच डोक्यात होता? बऱ्याचदा डोक्यातच निघायचा.