सनमायक्याची गिटार

जुन्या जालन्यात आमच्या शेजारी एक सुतार राहायचे. कुणाच्याही घरी गेले की ते आधी दारावरून हात फिरवत, मग माणसांची खुशाली विचारत. एका हिवाळ्यात त्यांनी सागाच्या फळीतून इलेक्ट्रिक गिटार घडवली. पॉलिश काही मनासारखं बसेना. तेव्हा सनमायका गावात नवा होता. एका हॉटेलच्या काउंटरचा उरलेला पिवळा, सोनेरी ठिपक्यांचा तुकडा त्यांनी गिटारीवर चिकटवला.

"चहाचं टेबल करून राह्यले का तुम्ही?" बायकोने विचारलं.

"ओल्या फडक्यानं पुसलं की बस, चकाचक!" ते म्हणाले.

भीमजयंतीला ते गल्लीच्या गायनपार्टीसोबत स्टेजवर चढले. गिटार पाहून लोक ओरडले, "आलं, आलं, काउंटर आलं!" तेही हसले आणि लाउडस्पीकरची वायर जोडून त्यांनी तार छेडली. पेटीच्या आवाजाच्या वर एक नवाच, थरथरता सूर गल्लीभर गेला. हसणारेच टाळ्यांचा ठेका धरू लागले. तेवढ्यात मागच्या बायकांतून त्यांची बायको उठली.

"जोरात वाजवा ना, मागं ऐकू येऊन न्हाई राह्यलं!"

त्यांचे कान लाल झाले, पण गिटारीवरचं आवाजाचं बटण त्यांनी पार शेवटपर्यंत फिरवलं.