बिनकामाचं इंग्रजी

“नाही म्हणजे नाही. उद्या साहेबांना सांगून टाकणार, ती जागा मला नको.”

“सांग. मग ती त्या पॅकिंगवाल्याला देतील आणि तू रोज त्याला सर म्हणशील,” नवरा म्हणाला.

“म्हणेन. सर म्हणायला काही फार इंग्रजी लागत नाही.”

भांडण चहापासून चाललं होतं आणि आता भाजी चिरून होत आली होती.

बुटांच्या कारखान्यात सगळे तिला भिंगबाई म्हणत. टाचेजवळचा एखादा सुटा टाका तिला हातभर अंतरावरून दिसे. तळव्यांना गोंद लावण्यापासून सुरुवात करून ती तपासणीच्या टेबलापर्यंत आली होती, आणि आता साहेबांना तिला तपासणी विभागाची प्रमुख करायचं होतं. काम ओळखीचं, मान जास्त, घरी यायला थोडा उशीर. मेख एकच होती. परदेशातून खरेदीदार आला की बैठकीआधी प्रमुखाने त्याच्याबरोबर चहा घ्यायचा, आणि चहा घेताना बोलायचं. इंग्रजीत. “उद्या एक पाहुणा येतोय. त्याच्याबरोबर बसून बघा, मग हो-नाही सांगा,” साहेब म्हणाले होते.

कामाचं इंग्रजी तिला येत होतं. शिवण, माप, माल परत का आला, सगळं ती धडाधड बोले. येत नव्हतं ते बिनकामाचं इंग्रजी. म्हणून पाहुणे आले की ती एक बूट हातात धरून उभी राही. हातात बूट असला की माणूस कामात दिसतो, कोणी बोलायला येत नाही. गेल्या वर्षी मात्र एक बाई आल्याच. “हाऊ आर यू?” त्यांनी विचारलं. एवढं विचारतायत तर सांगावं, म्हणून तिने शब्द जुळवत जुळवत पाठीचं दुखणं, डॉक्टरांनी दिलेला व्यायाम आणि तो होत का नाही ते, सगळं सांगितलं. मान वर केली तेव्हा बाई दोन यंत्रं पुढे गेल्या होत्या.

“आई, तो प्रश्न नसतोच गं,” मुलगी म्हणाली. “ते नुसतं म्हणायचं असतं.”

“मग उत्तराची वाट बघितल्यासारखं कशाला थांबतात?”

“ते सोड. तीन वाक्यं पाठ कर. प्रवास कसा झाला, हवा कशी वाटतेय, हॉटेल बरं आहे ना.”

“आणि ती संपल्यावर?”

“संपत नाहीत. पुढे ते बोलतात ना.”

“आणि नाही बोलले तर?”

मुलीने बापाकडे बघितलं. बापाचं औषधांचं दुकान होतं. “अगं, धीर लागतो नुसता,” तो म्हणाला. “माझं बघ, दिवसभर सगळं इंग्रजीतच चालतं.”

“तुमचं बाटल्यांशी चालतं. बाटल्या उलटून विचारत नाहीत.”

कोपऱ्यात मटार सोलत बसलेल्या सासूबाईंनी तोंड उघडलं. त्यांना दवाखान्याच्या बाकावर जरा वेळ बसवलं, तर शेजारणीच्या सात पिढ्यांची माहिती घेऊनच त्या उठत.

“एवढं काय त्यात? माणसाला दुखतं कुठे ते विचारायचं. मग घरी कोण कोण असतं ते. तिसऱ्या प्रश्नाची वेळ माझ्यावर तरी कधी आली नाही.”

“अहो आई, तो खरेदीदार आहे. त्याला दुखतं कुठे विचारू?”

“का? त्याला गुडघे नसतात?”

“आजी, तिकडे असं खासगी विचारत नाहीत,” नात म्हणाली.

“म्हणून तर बिचाऱ्यांना हवेबद्दल बोलावं लागतं.”

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीत चहा होता, बिस्किटं होती आणि एक धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा पाहुणा होता. साहेब बाहेर फोनवर अडकले होते. तिने हातात बूट आणला नव्हता. मुलीने तशी शपथच घातली होती.

“हाऊ वॉज युअर जर्नी?”

“लाँग,” पाहुणा म्हणाला.

“हॉटेल गुड?”

“गुड.”

“वेदर?”

“हॉट.”

चहाला अजून वाफ होती आणि तिची पुंजी संपली होती. पाहुण्याने घसा खाकरला, खिडकीबाहेर बघितलं आणि शब्द एकेक करून ठेवत विचारलं, “हाऊ इज द वेदर हिअर?”

हवेचं तर आत्ताच झालं होतं. तिने त्याच्याकडे नीट बघितलं. कपाळावर घाम होता, बोटं बशीच्या कडेवरून फिरत होती. म्हणजे याचंही इंग्रजी घरचं नव्हतं. यालाही कुणीतरी तीन वाक्यं पाठ करवून पाठवलं होतं, आणि त्याचीही संपली होती.

तिची मान सवयीने खाली गेली, त्याच्या बुटांकडे. उजवी टाच शाबूत होती. डावी बाहेरच्या बाजूने पार झिजून तिरकी झाली होती.

“लेफ्ट नी?” ती म्हणून गेली. “पेन?”

पाहुणा दचकला. मग खुर्चीत मागे रेलला आणि असा काही सुस्कारा सोडला, की जणू कुणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवून घेतलं. गुडघा त्याला वर्षभर छळत होता. जिन्यावर तर विचारू नका. डॉक्टर म्हणतात चाला. बायको चालायला नेते आणि स्वतःच पुढे निघून जाते. इंग्रजी मोडकं होतं, पण दुखणं शाबूत होतं. तिला शब्दन् शब्द कळला. व्यायाम दिलाय, पण होत नाही, असं तो ओशाळून म्हणाला, तेव्हा तिने पाठीला हात लावून “सेम, सेम” म्हटलं. तो खो खो हसला. मग तिने घरी कोण कोण असतं ते विचारलं, आणि दुसऱ्यांदा चहा मागवावा लागला.

साहेब दार उघडून आत आले, तेव्हा कंपनीचा मोठा खरेदीदार एका पायात नुसता मोजा घालून बसला होता आणि भिंगबाई त्याचा बूट उलटा धरून टाच दाखवत होती. साहेबांचा चेहरा पडला.

“काही तक्रार आहे का?” त्यांनी आपल्या भाषेत हळूच विचारलं.

“नाही, गुडघा आहे,” ती म्हणाली. “बसा ना. यांच्या सुनेपर्यंत आलोय आम्ही.”

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा आणि मुलगी दारातच.

“हवेचं विचारलंस?” मुलगी म्हणाली.

“विचारलं. दोनदा झालं.”

“मग?” नवरा म्हणाला. “त्या पॅकिंगवाल्याचं नशीब उघडलं का?”

तिने चपला काढून कडेला ठेवल्या. नवऱ्याच्या चपलेची टाच कुठे झिजलीय तेही जाता जाता बघून घेतलं. सासूबाईंनी जरा सरकून सोफ्यावर जागा केली. ती तिथे बसली.

“मी ती जागा घेतलीय. सोमवारपासून उशिरा येणार. संध्याकाळचा स्वयंपाक तुम्ही दोघांनी करायचा, आणि आई सांगतील तसा करायचा.”