जावयाला काम सांगायचं नाही

योगेंद्र दमला होता. खुर्चीत बसल्यावरही आपण उभेच आहोत असं वाटावं, तसा. जळगावच्या एका कॉलेजात तो संगणक प्रयोगशाळेत सहायक होता. सहायक म्हणजे बिघडलं की हाक मारायची आणि चालू झालं की विसरून जायचं, असा माणूस. त्या आठवड्यात कॉलेजच्या कॉम्प्युटरांवर एक मोठं अपडेट आपोआप येऊन पडलं आणि अर्ध्याअधिकांचं वायफाय गुल झालं. वायफायचा भाग जागच्या जागी धड होता, पण त्याला चालवणारा जो लहानसा प्रोग्रॅम असतो, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, त्याचं नव्या सिस्टिमशी जमेना. योगेंद्र एकेका कॉम्प्युटरपुढे बसून ड्रायव्हर दुरुस्त करत होता आणि येणारा-जाणारा प्रत्येक प्राध्यापक तोच विनोद करत होता, "काय योगेंद्र, ड्रायव्हर पळाला का गाडी सोडून?" आधी तो हसला, मग नुसती मान हलवली, पुढं पुढं तर ऐकूच आलं नाही असं दाखवू लागला.

घरी पिंप्राळ्यात तरी सुटका कुठली? कॉलनीत तो 'कॉम्प्युटरवाले भाऊ'. दूध आणायला खाली उतरावं तर जिन्यात कुणीतरी लॅपटॉप छातीशी धरून उभं. नाही म्हणायला त्याची जीभ वळत नसे.

म्हणून यंदा तो आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, वाट बघत होता. आखाजीला लेकी माहेरी येतात, जावईही येतात, आणि त्याचे सासरे उखर्डूआबा यांच्या यावलच्या घरी एक नियम होता. जावयाला काम सांगायचं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यायचा. एरवी योगेंद्रला त्या मानपानाचं अवघड वाटे. या खेपेला मात्र तो मान त्याला अगदी हवा होता. मांडे आणि रस खायचा, कूलरपुढं आडवं व्हायचं, कुठल्याही स्क्रीनकडे बघायचं नाही. बसमध्ये तो बायकोला एवढंच म्हणाला, "मी तिथं झोपणार आहे."

"झोपा की," रूपा म्हणाली. "तुम्हाला कोण उठवतंय?"

घरात शिरल्याबरोबर त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मेव्हणी दिपमाला, जी दारातच थट्टा सुरू करायची, ती पाणी ठेवून निघून गेली. डोळे सुजलेले. जेवायला बसले तर घासही नीट घेईना. सासूबाई, म्हणजे ताईबाई, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं खुर्चीवर बसूनच वाढायला सांगत होत्या.

"पाव्हना, लाजू नका. आखो एक मांडा ल्या," आबा म्हणाले.

"हिचं काय झालंय?" योगेंद्रनं विचारलं.

"ते वायफाय गयं ना..." ताईबाई बोलून गेल्या. आबांनी डोळे वटारले.

"काही नही शे. तुम्ही जेवा."

'काही नही शे' असं इतक्या घाईनं म्हटलं की हमखास काहीतरी असतंच. दिपमालानं ताट पुढं सरकवलं.

"आबा, आता पुरे. तीनला माझी मीटिंग आहे."

आणि सगळं बाहेर आलं. दिपमाला पुण्याच्या एका लहानशा कंपनीत होती. आईच्या ऑपरेशनसाठी आली तेव्हा साहेबांनी घरून काम करायची परवानगी दिली, पण नाराजीनंच. खेड्यात नेट टिकत नाही, असं त्यांचं ठाम मत. आज तिनं आपलं काम स्क्रीनवर दाखवायचं आणि त्यावरून साहेब ठरवणार, इथं राहू द्यायचं की पुण्याला बोलवायचं. पुण्याला आखाजीची सुट्टी कुठली. ती गेली तर ताईबाईंना उठवणार-बसवणार कोण? आबा दिवसभर केळीच्या बागेत. आणि परवा तेच अपडेट तिच्या लॅपटॉपवर आलं, आणि वायफाय गेलं.

"मग परवाच मला फोन का नाही केला?"

दिपमालानं आबांकडे बघितलं. आबांनी रसाच्या वाटीकडे.

"सणले जवाई येस तो काय काम कराले?" आबा म्हणाले.

जावयाला त्रास नको म्हणून त्यांनी तिला बसस्टँडजवळच्या मोबाइलवाल्या सुपडूला फोन लावायला लावला होता. सुपडू म्हणाला, लॅपटॉपच्या आतल्या भागांच्या यादीतून वायफायचं नाव काढून टाका, बंद करून चालू करा, आपोआप परत येईल. एरवी येतंही. पण काढताना लॅपटॉपनं विचारलं, ड्रायव्हरही पुसू का? हिनं घाबरून तिथंही हो केलं.

योगेंद्रनं हात धुतले आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. "नुसतं अपडेट झालं होतं तेव्हा एका बटणाचं काम होतं. जुना ड्रायव्हर मागं ठेवलेला असतो, त्याला परत आणता येतं. आता तोच पुसला गेलाय."

मान राखावा माणसानं, पण मानापायी घरातल्या पोरीची नोकरी पणाला लावायची, याला काय म्हणावं? रूपानं बापाला तेच ऐकवलं, जरा मऊ शब्दांत.

कॉलेजात वापरलेला ड्रायव्हर योगेंद्रच्या पेनड्राइव्हवर होता. तोच त्यानं बसवला. लॅपटॉप रीस्टार्ट झाला, वायफाय आलं नाही. तेव्हा कुठं त्यानं आत कोणता वायफायचा भाग आहे ते वाचलं. तो वेगळाच निघाला. दमलेला माणूस असंच करतो, कालच्या रोग्याचं औषध आजच्या रोग्याला पाजतो.

"जिजाजी, तीन वाजत आले," दिपमाला म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

लॅपटॉप इतका बारीक की राउटरची वायर लावायला त्याला जागाच नव्हती. योगेंद्रनं आपला फोन घरच्या वायफायला जोडला आणि फोन केबलनं लॅपटॉपला. घरातल्या केबली नुसत्या चार्जिंगच्या होत्या, त्यांतून नेट जात नाही. त्याच्या पिशवीतली केबल मात्र चालली. नेट सुरू झालं.

"आता मीटिंग कर. योग्य तो ड्रायव्हर मी मागच्या मागं डाउनलोडला लावलाय. उतरला की त्यावर दोनदा क्लिक करायचं आणि रीस्टार्ट. पण मीटिंग संपल्यावर."

मीटिंग सुरू झाली. कूलरचा आवाज नको म्हणून तो बंद केला. बाहेर यावलचं ऊन, आत भट्टी, आणि त्यात योगेंद्रचा जुना फोन तव्यासारखा तापला. तापून बंद पडला तर सगळंच गेलं. मग तो कॅमेऱ्यात दिसणार नाही असा टेबलाखाली फरशीवर बसला आणि पुठ्ठ्यानं फोनला वारा घालू लागला.

दारातून ताईबाईंनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. आखाजीच्या दिवशी जावई फरशीवर, फोनला वारा घालतोय. त्यांनी आबांना ढकलूनच आत पाठवलं. आबा चवड्यावर बसत कुजबुजले, "द्या, मी वारा घालस."

एरवी योगेंद्र नको म्हणाला असता. आज त्यानं पुठ्ठा सरळ सासऱ्याच्या हातात दिला. "थांबू नका," तो हळूच म्हणाला, "फोन गार राहिला पाहिजे." भिंतीला पाठ टेकली, आणि वर दिपमाला इंग्रजीत आकडे समजावून सांगत असताना त्याचे डोळे मिटले.

जाग आली ती कूलरच्या घरघरीनं. मानेखाली कुणीतरी उशी सारली होती. शेजारी आबा तसेच बसलेले, घामानं निथळत.

"काय झालं?"

"आईचा गुडघा बरा होईपर्यंत इथूनच काम कर म्हणाले," दिपमाला म्हणाली. "नेट पुण्यातल्यांपेक्षा बरं चाललं, असंही म्हणाले."

"आणि ड्रायव्हर?"

"मीच बसवला. वायफाय आलं. बिघडलं असतं तर आबांचं न ऐकता तुम्हाला उठवणार होते."

"उठवायचंच," तो म्हणाला. पलंग दोन पावलांवर होता. तो तिथंच फरशीवर कुशीवर वळला आणि पुन्हा झोपला.