कूलरशेजारची डबी

आमच्या घरात इंटरनेट सरळ येत नाही. ते आधी कूलरशेजारच्या फळीवरच्या एका डबीतून जातं. डबी माझी, हौसही माझी. पंज्याएवढा छोटा कॉम्प्युटर, त्यात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घातलेली. राउटरचं काम तोच करतो आणि फायरवॉलचंही, म्हणजे घरात काय येतं आणि घरातून काय बाहेर जातं यावर पहारा ठेवतो. मी जळगावात पाइपांच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळे बाजारातलं तयार राउटर घेणं मला कमीपणाचं वाटतं. बायको विचारायची, "एवढा पहारा कशाले? चोर काय नेतीन, मन्या बिबड्या?" बिबड्या म्हणजे तिच्या हातच्या ज्वारीच्या पापड्या.

पण त्या पहाऱ्यातला एक नियम तिनंच लावायला लावला होता. रात्री अकरा ते पहाटे पाच घरातलं नेट बंद. आम्ही दोघंही मोबाइल छातीवर ठेवून झोपणारी माणसं, आम्हाला शिस्त लावायची तर ती मशीननंच लावावी लागते. नियम छान चालला. मी मित्रांना सांगत सुटलो.

मग वडिलांना अर्धांगाचा झटका आला. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. अमळनेरच्या एका तेलाच्या मिलमध्ये त्यांनी हयात घालवली. यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे घरात साधं पाणी मागितलं तरी गल्लीला कळायचं. त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि तो आवाजही गेला. कळत सगळं होतं, शब्द तेवढा तोंडापर्यंत येत नव्हता. आम्ही त्यांना जळगावला आणलं. नाशिकच्या एक बाई रोज सकाळी दहा वाजता व्हिडिओवर त्यांचा बोलण्याचा सराव घेऊ लागल्या. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "वाचा परत यायची असेल तर ती याच महिन्यांत येईल. खाडे होऊ देऊ नका."

आणि नेमके खाडेच होऊ लागले. एक दिवस नेट छान, दुसऱ्या दिवशी सकाळभर ठप्प. आमचं घर तळमजल्यावर, तिथे मोबाइलची रेंज फक्त बोलण्यापुरती, चित्र काही हलत नाही. सगळी भिस्त डबीवर. बायकोचा ऑफिसात फोन यायचा, मी संध्याकाळी घरी येऊन पाहायचो तर सगळं सुरळीत. मी म्हणायचो, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल. ती म्हणायची, तुझ्या डबीला आमच्याशीच वैर आहे.

एका सकाळी मी घरी होतो. बाई म्हणाल्या, "आबा, पाणी म्हणा." आबांनी डोळे मिटले, मानेच्या शिरा फुगल्या, "पा… पा…" इतकं आलं आणि पडद्यावर बाईंचा चेहरा गोठला. मग तोही गेला. आबा त्या काळ्या काचेकडे पाहत राहिले. नंतर त्यांनी डाव्या हातानं मोबाइल दूर सारला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. बायको त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "आबा, बाई नही गयात. नेट गयं." त्यांना ते पटलं नाही. आपल्याला एक साधा शब्द जमत नाही म्हणून बाई कंटाळून निघून गेल्या, असंच त्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी ते सरावाला बसायलाच तयार होईनात.

मला डबीचा असा राग आला की ती उचलून रस्त्यावर फेकावीशी वाटली. ब्रॉडबँडवाला लाइन तपासून गेला, लाइन ठणठणीत. मी केबल बदलली, चार्जर बदलला, सगळं लिनक्स नव्यानं भरलं. दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. रविवारी सकाळी नेट गेलेलं असताना मी वैतागून डबीला वेळ विचारली. बाहेर भाजीवाला ओरडत होता आणि डबीच्या मते पहाटेचे तीन वाजले होते. तिच्या हिशेबानं ती माझाच नियम प्रामाणिकपणे पाळत होती.

घड्याळ मी हातानं बरोबर लावलं. दोन दिवसांत ते पुन्हा मागे. या डबीतल्या घड्याळाला स्वतःचा सेल नसतो. वीज गेली की ते तिथेच थांबतं, वीज आली की तिथूनच पुढे चालू लागतं. म्हणजे कोणीतरी रोज तिची वीज तोडत होतं. गल्लीत तर लाइट गेल्याची तक्रार नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते माझं चाललं होतं, पण कळसा कोणाच्या काखेत आहे हे कळेना. शेवटी मी रजा टाकली आणि घरी बसलो.

जेवणं झाली. वैशाखातली दुपार, कूलरचं पाणीसुद्धा कोमट. बायको आतल्या खोलीत लवंडली. तेवढ्यात आबा उठले. भिंत धरत धरत, पाय ओढत फळीपाशी गेले, डाव्या हाताचा तळवा डबीवर ठेवला, जरा थांबले आणि बटण बंद केलं.

"आबा! हाई काय करी ऱ्हायनात तुम्ही?" मी ओरडलोच. आबा दचकले. बायको धावत बाहेर आली आणि मलाच दटावून म्हणाली, "थांब. त्यास्ले बोलू दे."

आबांनी माझा हात धरला आणि डबीवर ठेवला. डबी चांगलीच तापली होती. मला मिल आठवली. तिथं उन्हाळ्यात दुपारी आबा मोटारी थंड होईपर्यंत बंद ठेवायचे, मालकानं आरडाओरडा केला तरी. रोज जेवण झालं की ते डबीला तशी विश्रांती देत होते आणि चहाच्या वेळी पुन्हा चालू करत होते. बाई ज्या डबीतून येतात ती जळून जाऊ नये म्हणून. आणि तेवढे तास तिचं घड्याळ रोज मागे पडत होतं. आबांचे ओठ हलत होते. कपाळावर घाम आला. "त… तप…" त्यांनी पुन्हा जोर लावला. "तपस."

तापते. कोणी 'म्हणा' असं न सांगता आलेला त्यांचा पहिला शब्द. "आबा बोलनात!" म्हणत बायको रडायलाच लागली. मीही रडलो, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

वीज आल्यावर अशी डबी खरं तर इंटरनेटवरून वेळ विचारून घेते. पण पहारा कडक करण्याच्या नादात मी तीच वाट बंद केली होती. त्या संध्याकाळी ती उघडली. बटणाला मात्र मी हात लावला नाही, ते आबांचंच राहिलं.

दुसऱ्या सकाळी बायकोनं आबांना बसवलं. बाईंना आम्ही सगळी हकिकत सांगितली. त्यांनी 'पाणी', 'चहा' हे सरावाचे शब्द बाजूला ठेवले आणि विचारलं, "आबा, डबीला काय होतं?"

"तपस."

बाईंना खान्देशी येत नाही. त्यांनी अर्थ विचारून घेतला आणि हसून म्हणाल्या, "मग ती जळेल की एखाद्या दिवशी. तिच्याकडे बघायला आहे का कोणी?"

आबांनी डावा हात छातीवर आपटला. शब्द यायला पुष्कळ वेळ लागला. चित्र गोठलं नाही, तुटलं नाही, बाई थांबून राहिल्या.

"मी… शे."

या वेळी बाईंनी अर्थ विचारला नाही.